साठाच्या जागी पासष्ट

वेवजीच्या सुक्याला झोपेतून उठवणं सोपं आहे, जागेपणी उठवणं कठीण. लेथसमोर उभा राहिला की डोळे उघडे, हात चालू, आणि माणूस गावात नाही. कुठे जातो हे कुणालाच ठाऊक नाही. समोरची किराणावाली सांगते, तो घोलवडच्या किनाऱ्यावर फिरून येतो आणि येताना कुणासाठी एक चिकूसुद्धा आणत नाही. पाठच्या पाड्याचं मत असं की तो मुळात राहतोच तिकडे, इथे फक्त जेवायला येतो. त्याच्या बायकोचा, काळीचा, यावर वेगळा दाखला आहे. ती म्हणते, "जातो कुठे? मशीनच्या पोटात जातो. ताट वाढल्याचा आवाज झाला की बाहेर येतो."

त्याची शेड म्हणजे चार खांब, वर पत्रे, मागे एक भिंत, आणि उंबरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला चिकटलेला ओटा. मागची हद्द गुजरातची. पावसात शेडवरचं पुढचं पाणी महाराष्ट्रात पडतं आणि मागचं गुजरातेत, अशी गावात थट्टा आहे, आणि सुक्याला विचाराल तर तो ती खरी धरून दोन्ही बाजूंच्या थेंबांकडे बघत बसेल. वय चव्वेचाळीस, अंगाने काडी, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. ते नख आटे बघायला. बोल्ट असो की नट, त्याच्या आट्यांवरून नख फिरवायचं, डोळे अर्धे मिटायचे, आणि सांगायचं, "इंचात आठ आहेत," नाहीतर, "दोन मिली." आटे मोजायची पट्टी खिळ्याला लटकलेली असते ती शोभेला. आणि वर एक वाक्य ठरलेलं, "सुक्याचा आटा कधी चुकला नाही." हे तो फुशारकीने म्हणत नाही. स्वप्नात बोलल्यासारखं म्हणतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त राग येतो.

ज्यांनी लेथवर आटे पाडताना कधी पाहिलं नाही त्यांना एवढंच कळलं तरी पुरे. मशीनच्या तोंडात लोखंडाचा तुकडा धरलेला असतो, तो गरगर फिरतो. कापणारं टूल त्याच्या बाजूने सरकत जातं आणि त्याच्या अंगावर नागमोडी खाच पाडतं. तुकड्याची एक फेरी झाली की टूलने नेमकं किती सरकायचं, हे डाव्या अंगाच्या झाकणाखाली बसवलेली दातेरी चाकं ठरवतात. एक चाक वर, एक खाली, आणि मधे एक निरोप्या, जो हिशेबात कुठेच येत नाही, फक्त वरच्याचं खालच्याला सांगतो. वरचं तीस दात्यांचं आणि खालचं साठ दात्यांचं लावलं, की सुक्याच्या मशीनवर इंचात आठ आटे पडतात. चाकं बदला, आटे बदलतात. कुठल्या आट्याला कुठली चाकं, याचा पत्र्याचा तक्ता झाकणाच्या आतून ठोकलेला आहे. सुक्या त्या तक्त्याकडे कधी बघत नाही.

तो चाकांकडेही बघत नाही. भिंतीतल्या एका सळईत सगळी चाकं बांगड्यांसारखी ओवलेली आहेत, पुढे वीस दात्यांचं, मग पंचवीसचं, मग तीसचं, अशी पाच-पाचने चढत. सुक्या मशीनकडे तोंड करून उभा राहतो, हात मागे नेतो आणि बोटांनी मोजतो. तिसरं म्हणजे तीस. नववं म्हणजे साठ. आधी मोठं काढायचं, मग लहान. बोटं मोजतात तेवढ्यात सुक्या घोलवडला, किंवा जिथे जायचं तिथे, जाऊन येतो.

याच लेथवर तो पोरवयात डहाणूला शिकला. तिथला शेठ म्हातारा झाला, वर्कशॉप बंद झालं, आणि मशीन टेम्पोत घालून सुक्याने वेवजीला आणलं. सळईसकट, चाकांसकट. फक्त साठाचं चाक त्या संचात नव्हतं. ते कधीच हरवलं होतं. शेठने मागाहून नवीन करून घेतलं होतं आणि ते इतरांपेक्षा अजूनही चकचकीत दिसतं, सासरी नवीन आलेल्या सुनेसारखं.

आता जुन्या चाकाचं काय झालं, हे सुक्या आणि काळी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं असं समजायचं, आणि सगळ्या पाड्याला ठाऊक होतं हे खरं. काळी त्या वेळी वेवजीहून डहाणूला करटोली विकायला जायची आणि बरोबर त्या वर्कशॉपच्या दारासमोर टोपली ठेवायची. दुसरीकडे जागा नव्हती का? होती. पण ते जाऊ दे. श्रावणातल्या एका सकाळी तिचं अर्ध्या किलोचं वजन गटारात पडलं. गिऱ्हाईक उभं, तराजू रिकामा, काळी रडकुंडीला. सुक्या दारातून बाहेर आला, हातात एक दातेरी चाक, आणि न बोलता ते पारड्यात ठेवून परत गेला. ते चाक अर्ध्या किलोपेक्षा बरंच जड होतं. त्या श्रावणात डहाणूत करटोली घेणाऱ्यांचं भलं झालं, काळीचं नुकसान झालं आणि सुक्याचं लग्न झालं. शेठने चाक कुठे गेलं विचारलं तेव्हा सुक्याने खाडीत पडलं म्हणून सांगितलं. खाडी वर्कशॉपपासून पाव कोस लांब. शेठ गुजरातीत म्हणाला, "अल्या सुकिया, तारुं ध्यान क्यां छे," म्हणजे लक्ष कुठे असतं तुझं, आणि विषय संपला.

ते चाक आजही काळीच्या घरात आहे. वाळवलेल्या बोंबलांच्या डब्याचं झाकण सैल आहे, त्यावर ते ठेवलेलं असतं, शेजारच्या रघ्याच्या बोक्यापासून संरक्षण म्हणून. त्याला दाते किती, हे बावीस वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. बोक्याला त्याच्याशी काही घेणं नव्हतं, काळीलाही नाही.

तर या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता, नारळी पौर्णिमा गुरुवारी. दुपारच्या आधी शेडपुढे जीप थांबली आणि वरोरची जमुना उतरली. पन्नाशीला टेकलेली बाई, मासळी विकून घसा मोठा झालेला, काखेत रिकामी टोपली. तिने सुक्याकडे एक नजर टाकली. सुक्या उभा होता, डोळे उघडे, हात चाकावर.

"झोपलेत का जागे?" तिने काळीला विचारलं.

काळी ओट्यावर तांदूळ निवडत होती. "अजून ठरलं नसेल. बसा ना. कुठून आलात?"

"वरोरहून. डहाणू झालं, कासा झालं. कासाला एक मिस्तरी म्हणाला, वेवजीला जा, तिथे एक झोपाळू आहे, नखाने आटे वाचतो. झोपलेला असेल तर थांब."

"बरोब्बर पत्त्यावर आलात," काळी म्हणाली. "ओ मिस्तरी. घरी या. पाहुणी आलीय."

सुक्या आला. म्हणजे जागच्या जागीच, पण आला.

जमुनाने टोपलीतून एक दोरी काढली आणि मशीनच्या कडेला आपटली. दोरीत पितळेचे पाच नट ओवलेले, नवे कोरे, एखाद्या बोकडाच्या गळ्यात घालावेत असे. मग पदराची गाठ सोडून तिने एक फुटका तुकडा काढला. जुन्या नटाचं अर्धं भकल. झिजलेलं, हिरवं पडलेलं, आतले चार आटे कसेबसे शाबूत.

"होडीच्या पंख्याचा नट आहे," ती म्हणाली. "पंखा शाफ्टवर याच्यानेच धरलेला असतो. यंदा होडी वर ओढली, पंखा साफ करायला म्हणून आमच्या मालकांनी नट काढायला घेतला. निघेना. मग घातला हातोडा. दोन तुकडे झाले, एक हा, एक चिखलात गेला. आता हे पाच जण बघा. पाची मिस्तरींनी सांगितलं, तीन मिलीचा आटा आहे, वयनी, डोळे झाकून बसेल. बसतो. एक फेरी बसतो, दुसरी बसतो, तिसरीला अडकतो. पाचही तिसरीला."

"शाफ्ट काढून आणलात तर त्यालाच नवे आटे पाडता येतील," सुक्या म्हणाला.

"पाचही जण तेच म्हणाले. शाफ्ट काढायचा तर इंजिन उचलायचं, आठ दिवस गेले. पौर्णिमेला नारळ वाहून सगळ्या होड्या निघणार. माझी वाळूत राहिली तर खलाशी काय माझं तोंड बघत बसतील? दुसऱ्याच्या होडीवर जातील, आणि एकदा गेला की वर्ष गेलं. मालक कालपासून जेवलेले नाहीत. हातोडा त्यांचा ना." ती थोडी थांबली. "गुरुवारी होडी पाण्यात पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."

सुक्याने तुकडा उजेडात धरला आणि नख फिरवलं. डोळे अर्धे मिटले. पुन्हा फिरवलं. डोळे उघडले. हे काळीने पाहिलं आणि तिची तांदळातली बोटं थांबली, कारण सुक्या दुसऱ्यांदा नख फिरवताना तिने कधी पाहिला नव्हता.

"तीन मिली नाही," तो हळू म्हणाला. "केसभर कमी."

"म्हणजे किती?"

"इंचात आठ नाहीत. नऊ पण नाहीत. मधे कुठेतरी आहे." तो झाकणाच्या आतल्या तक्त्याकडे गेला. तक्त्याकडे जाऊन बघायची ही त्याची कित्येक वर्षांतली पहिली वेळ. बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं. "तक्त्यात हा आटाच नाही."

"मग कापला कुणी? देवाने?"

सुक्याने तुकडा उलटा केला. त्याचं लक्ष तुकड्याच्या तोंडाशी गेलं होतं. पहिला आटा जिथून सुरू होतो तिथली धार कुणीतरी कानशीने गोल करून ठेवली होती, बोट कापू नये म्हणून. असं कुणी करत नाही. कुणाला वेळ आहे? एक जण करतो. शिकाऊ असताना त्याचा अंगठा अशाच धारेने फाटला होता आणि तेव्हापासून तो प्रत्येक नटाची पहिली धार गोल करतो, कुणी सांगितलेलं नसताना. सुक्याने हातातला तुकडा पाहिला, आणि आपलंच अक्षर असलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या पदरातून निघावी तसा तो गार झाला.

"हा नट कधीचा?" त्याने विचारलं.

"मी लग्न होऊन आले त्या वर्षीचा. शाफ्ट आणि नट एकाच दिवशी डहाणूला करून घेतला, सासरे होते बरोबर. बावीस वर्षं झाली. कधी ढिला नाही झाला, कधी कुरकुर नाही."

एकाच दिवशी. म्हणजे त्याच चाकांवर. म्हणून शाफ्ट आणि नट एकमेकांना बसले, आणि म्हणून दुनियेत तिसरं काही त्यांना बसणार नाही. सुक्याच्या डोक्यात हे सगळं उमटलं आणि त्याच्या तोंडातून एवढंच निघालं, "दुपारपर्यंत थांबाल?"

"नट हातात पडेपर्यंत थांबेन," जमुना म्हणाली आणि काळीच्या शेजारी बसून तांदळातले खडे काढू लागली.

मग सुक्या गेला. रोज जातो तसाच, पण आज त्याला कुठे जायचंय ते ठाऊक होतं. तो डहाणूच्या वर्कशॉपमध्ये गेला. तीच सळई, तोच ऑईलचा वास, भिजलेल्या रस्त्यावरून रिक्षा गेली की दारात उडणारं पाणी. म्हातारा शेठ खुर्चीत, पेपर तोंडावर. कुणीतरी वरोरचा म्हातारा शाफ्ट घेऊन आलेला, लांब, खांद्यावर, देवळाच्या पालखीच्या दांड्यासारखा. आणि हात मागे गेलेला, बोटं मोजतायत. किती मोजली? कुठली काढली? एवढंच दिसेना. सुक्या मोठ्या आशेने स्वप्नात मान वळवून भिंतीकडे बघायला जाई, आणि मान दरवेळी दाराकडे वळे. दारात ऊन पडलेलं, उन्हात टोपली, टोपलीत हिरवी काटेरी करटोली. माणसाचं स्वप्नसुद्धा कसं बेइमान असतं बघा. कामाचं दाखवत नाही, आवडीचं दाखवतं.

तो परत आला, तीस आणि पंचावन्न लावून एका लोखंडी तुकड्यावर दोन-चार खाचा पाडून बघितल्या. नख फिरवलं, नाही. पस्तीस आणि पंच्याहत्तर. जवळ आलं, पण नाही. चाकं जोडून बघायची म्हटलं तर जोड्या शंभर निघतील आणि गुरुवार एकच आहे. दुपार कलली. पत्रा तापला. सुक्याच्या सदऱ्याची पाठ भिजली आणि तो पुन्हा उभ्या उभ्या गेला.

इकडे ओट्यावर जमुनाचा घसा मोकळा झाला होता. "त्या दिवसाचं सासरे मरेपर्यंत सांगायचे," ती काळीला म्हणत होती. "शाफ्टला आटे पाडणारा एक काडीसारखा पोरगा होता म्हणे. हात मशीनवर, तोंड दाराकडे. मधेच विचारतो, बाबा, करटोलीचा भाव काय चाललाय तुमच्याकडे? सासरे म्हणाले, अरे, आम्ही कोळी माणसं, आम्हाला करटोली काय विचारतोस. पुन्हा थोड्या वेळाने, बाबा, करटोली तुम्हाला आवडतात का? तिसऱ्यांदा सासरे चिडले. म्हणाले, पोरा, आधी आटे पाड, करटोली कुठे पळून जात नाहीत."

काळीने सूप खाली ठेवलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही झालं ते जमुनाला दिसलं नाही. ती उठली, घरात गेली, चुलीशेजारच्या डब्यावरचं चाक उचललं आणि पदराने पुसत शेडमध्ये आली. चाक सुक्याच्या पुढ्यात, त्या पाच नटांच्या शेजारी ठेवलं. खण्ण आवाज झाला.

"मिस्तरी, त्या दिवशी हे माझ्याकडे होतं."

सुक्या चाकाकडे बघत राहिला. मग त्याने अंगठ्याचं नख एका दात्यावर ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली. दाते मोजताना ओठ हलत होते, लहान मूल पाढे म्हणतं तसे. चाकावर बोंबलांचा वास होता. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

तो सळईकडे वळला. चकचकीत साठाचं चाक काढून बाजूला ठेवलं, बाकीची पुढे सरकवली. मशीनकडे तोंड करून उभा राहिला, डोळे मिटले, हात मागे नेला आणि बोटांनी मोजलं. एक, दोन, तीन. नऊ. नववं चाक काढून समोर आणलं आणि डोळे उघडले.

चाकावर पासष्टचा आकडा होता.

"साठ तुझ्या तराजूत होतं," तो काळीला म्हणाला. "माझ्या बोटांना कुणी सांगितलंच नाही."

जमुना ओट्यावरून उठून आली. तिने काळीकडे पाहिलं, सुक्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि मासळी बाजारात तराजूकडे बघून जसं क्षणात कळतं तसं तिला कळलं.

"म्हणजे तो काडीसारखा पोरगा."

"मी," सुक्या म्हणाला. "आटा चुकला होता, ताई. आज कळलं."

आता बघा, या जागी सुक्याला गप्प राहता आलं असतं. नखाने वाचलं म्हणाला असता, लोखंडाने कानात सांगितलं म्हणाला असता, कासापर्यंत नाव झालं असतं. पण माणूस स्वप्नातून नुकता उठलेला असतो तेव्हा त्याला खोटं सुचत नाही. तो मान खाली घालून चाकाचे दाते पुसत उभा राहिला. सुक्याचा आटा कधी चुकला नाही, हे वाक्य त्या दिवसापासून वेवजीत पुन्हा कुणी ऐकलं नाही.

जमुना म्हणाली, "बावीस वर्षं आमचा पंखा तुमच्या करटोलीच्या नादावर फिरतोय. वरोरपासून वाढवणच्या समोरपर्यंत जाऊन आलाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "चुकलं ते बघायला मी पुढच्या वर्षी येईन. आज तीच चूक परत करा, दादा. अगदी तशीच. नीट करायला जाऊ नका."

सुक्याने तीसचं वर लावलं, पासष्टचं खाली, मधे निरोप्या. चाकं एकमेकांत बसली तेव्हा त्याने दोघांच्या मधे कागदाचा कपटा सरकवून फट बघितली, मग कपटा काढला. आधी लोखंडाच्या तुकड्यावर बाहेरून आटे पाडले, शाफ्टच्या टोकासारखे. तुकडा मशीनमध्ये तसाच राहू देऊन त्याने जमुनाचं फुटकं भकल त्या आट्यांवर टेकवलं आणि मागे बॅटरी धरली. कुठूनच उजेड आला नाही. ते भकल तिथे असं बसलं, जसा रघ्याचा बोका उन्हात बसतो, पुन्हा उठायचं नाही अशा इराद्याने.

मग खरा नट. पितळेचा गोळा आतून पोखरला आणि आट्यांचं टूल आत घातलं. आतलं काही दिसत नाही, सगळं कानावर आणि हातावर. टूल एकदा आत जाऊन आलं की पुढच्या वेळी त्याच खाचेतून गेलं पाहिजे, थोडं खोल. साध्या आट्याला ही सोय आहे की मधे टूलची पकड सोडता येते, हाताने झटकन मागे आणता येतं, पुन्हा पकडता येतं, खाच चुकत नाही. या आट्याला ती सोय नाही. पकड सोडली की खाच हरवली. दरवेळी मशीन उलटं फिरवायचं आणि टूलला आल्या वाटेनेच, दात दात मोजत, परत न्यायचं. डहाणूच्या शेठचा नियमच होता, शिकाऊ पोराने पकडीच्या दांडीला हात लावायचा नाही, कुठलाही आटा असो. त्या नियमाच्या जोरावर तर ती चूक इतकी सुंदर झाली होती.

पण सुक्या आता शिकाऊ नव्हता. बावीस वर्षांची सवय हातात होती आणि हात आपोआप त्या दांडीकडे जात होता. काळीने ते पाहिलं. तिने पुढे होऊन डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि दांडी मशीनच्या मुठीला घट्ट बांधून टाकली. गाठ अशी, जशी टोपलीला घालतात.

"आता जा कुठे जायचं ते," ती म्हणाली.

आणि तो गेला. मशीन पुढे, मशीन मागे. पितळेचा कीस सोनेरी रव्यासारखा सांडत होता, चाकांचा आवाज पत्र्याखाली लांबून येणाऱ्या ओव्यांसारखा घुमत होता, बाहेर ऊन आणि ढग यांची अदलाबदल चालली होती. मधे वीज गेली. टूल होतं तिथे थांबलं, नटाच्या पोटात, अर्ध्या वाटेवर. सुक्याही थांबला. काळीने रुमालाच्या गाठीवर हात ठेवला, जणू कुणीतरी झोपलेलं आहे आणि उठता कामा नये. पाऊण तासाने वीज आली आणि टूल त्याच खाचेतून पुढे निघालं.

संध्याकाळच्या आत नट झाला. सुक्याने पहिली धार कानशीने गोल केली. जमुना म्हणाली, "द्या." सुक्या म्हणाला, "मी येतो उद्या बरोबर. बसला नाही तर तुमच्या मालकांच्या हातात हातोडा आहेच." जमुना त्या रात्री काळीकडेच राहिली. जेवताना कळलं, डबा रिकामा आहे. चाक दुपारभर शेडमध्ये होतं आणि रघ्याच्या बोक्याने बापजाद्यांपासूनचा उपास एका दुपारी सोडला होता.

मंगळवारी सकाळी वरोरच्या वाळूत होडी उभी होती, नवा रंग, सुरूच्या झाडांना टेकलेली जाळी, लांब डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर ढगात मिसळलेला. जमुनाचा नवरा रामा, मोठ्या हाडाचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होडीच्या मागे उकिडवा बसला होता आणि कुणाकडे बघत नव्हता. पंखा शाफ्टवर चढवून ठेवलेला. सुक्याने शाफ्टच्या टोकावर नख फिरवलं. आपलं अक्षर. मग नट रामाच्या हातात दिला.

"तुम्हीच लावा."

रामाने नट टेकवला. एक फेरी. दुसरी. तिथे त्याचा हात थांबला, कारण पाच वेळा इथेच पुढे काय होतं ते त्याने पाहिलं होतं. खलाशी होडीवरून वाकून बघत होते. जमुनाने टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. आणि अगदी त्या क्षणी, खोटं कशाला सांगा, सुक्या कुठेही गेलेला नव्हता. वरोरच्या वाळूत, दोन पायांवर, पुरता हजर होता.

रामाने तिसरी फेरी दिली. नट गेला. चौथी दिली. मग त्याने फक्त बोटाचं टोक लावलं आणि नट आपला आपण, तेल लावल्यासारखा, गोल गोल आत जाऊन पंख्याला भिडला. रामाने तो परत उलटा फिरवून काढला आणि पुन्हा लावला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. बायको काही बोलणार तेवढ्यात म्हणाला, "थांब गं, बरं वाटतंय."

मग त्याने सुक्याला विचारलं, "कितीचा आटा म्हणायचा हा?"

"तक्त्यात नाही तो. चुकीचा आहे."

रामाने थोडा विचार केला. "असाच चुकीचा अजून एक काढून ठेवा. माझा काय भरवसा, पुन्हा हातोडा घालीन."

सगळे हसले. खलाशी हसले तेव्हा जमुनाने आधी त्यांची तोंडं मोजली. सगळी होती. मग ती हसली. तिने सुक्याच्या पिशवीत बोंबील भरले, डबा भरून वर उरतील इतके, आणि म्हणाली, "चाक जागेवर ठेवायला सांगा काळीला."

चाक जागेवर गेलं. रघ्याचा बोका दोन दिवस डब्यासमोर बसून होता, मग त्यानेही नाद सोडला. झाकणाच्या आतल्या तक्त्यात सगळ्यात खाली सुक्याने पांढऱ्या रंगाने एक ओळ लिहिली, तीस, पासष्ट, आणि पुढे आटे किती या रकान्यात, आकडा काय लिहावा ते न सुचल्यामुळे, वरोर.

आणि गुरुवारी, तिकडे नारळ पाण्यात पडत असतील त्या सुमाराला, गुजरातच्या बाजूचं एक गिऱ्हाईक बोल्ट घेऊन शेडपुढे उभं होतं आणि हाका मारून थकलं होतं. सुक्याचे डोळे उघडे, हात चाकावर.

"कुठे गेले हे?" त्याने काळीला विचारलं.

काळी करटोली चिरत होती. तिने मान वर केली नाही. "डहाणूला," ती म्हणाली. "येतील. टोपली रिकामी झाली की येतात."